सोमवारची बैठक आणि चौथ्या लेकराचं नाव

लोसेला तीन लेकरं होती आणि त्यांची नावं होती वादळ, धक्का आणि परिषद.

टोंगा बेटांवरच्या कानाला ती इतकी वाईट लागत नाहीत. थोरली अफा, म्हणजे वादळ. ती जन्मली त्या दिवशी शाळेचं अर्धं छप्पर उडून समुद्रात गेलं होतं. मधला उआफू, म्हणजे धक्का, कारण त्या आठवड्यात बोटीसाठी नवा धक्का बांधून झाला आणि फीत कापली गेली. धाकटी कोनिफेलेनिसी, म्हणजे परिषद. तेव्हा लिफुका बेटावर चर्चची वार्षिक परिषद भरली होती, घरोघरी पाहुणे कोंबले होते, गावात एक डुक्कर जिवंत उरलं नव्हतं, आणि लोसे दवाखान्यात कळा देत होती. तिला कोणी विचारलं नाही. एरवीही विचारलं नसतंच. लेकराचं नाव ठेवायचा हक्क आत्याचा. आईने नऊ महिने ओझं वाहायचं, ओरडायचं, टाके घालून घ्यायचे, आणि मग आत्याबाईंनी पंख्याने वारा घेत येऊन नाव सांगायचं. हे कधी ठरलं कोणाला माहीत नाही, पण जिने ठरवलं ती कोणाची तरी नणंदच असणार.

आता चौथं पोटात होतं. आठवा महिना लागला होता, मुलगी आहे हे कळलं होतं, आणि या वेळी लोसेला नाव स्वतः ठेवायचं होतं. लुसेआने. तिच्या आईचं.

आई वावाऊला राहायची, बोटीने दिवसभराच्या अंतरावर. गेल्या फेब्रुवारीत ती गेली. निरोप आला तेव्हा समुद्र खवळलेला होता आणि बोट चार दिवस धक्क्याला बांधून पडली. लोसे चार दिवस काळे कपडे घालून, कमरेला दुखवट्याची चटई गुंडाळून, धक्क्यावर आपल्या सामानाच्या पेटीवर बसून राहिली. पाचव्या दिवशी पोचली तर थडग्यावरची वाळूसुद्धा सारखी करून झाली होती. तेव्हापासून तिच्या डोक्यात एकच होतं. माणूस बघायला मिळालं नाही, निदान हाक मारायला ते नाव तरी घरात असू दे.

एवढंच मागणं. पण ते मागायचं कुठे? बैठकीत. आणि बैठक कोणाची? तर नणंदेची.

बैठकीचं खूळ पाद्रीबाबांनी आणलं. गावातल्या दुसऱ्या चर्चची माणसं सोमवारी संध्याकाळी आपापल्या घरी एकत्र बसतात, गाणी म्हणतात, केक खातात. त्यांची पोरं आपल्या पोरांपेक्षा नीटनेटकी दिसतात, हे पाद्रीबाबांच्या डोळ्यांत खुपत होतं. त्यांनी कुठूनशी एक पुस्तिका मिळवून घरोघरी वाटली. घरच्यांची साप्ताहिक बैठक, नाती घट्ट करण्याचे दहा नियम. जिथे ती छापली होती तिथे म्हणे म्हाताऱ्यांना वेगळ्या इमारतीत ठेवतात आणि आईला भेटायला जायचं तर आधी फोन करतात. त्यांना नाती घट्ट करायला पुस्तिका लागणारच. लिफुकावर नाती इतकी घट्ट आहेत की श्वास घ्यायला जागा राहत नाही. इथे खरं तर ती थोडी सैल करायची पुस्तिका हवी होती. पण ती कोणी छापत नाही.

पुस्तिका लोसेच्या घरी आली आणि नणंदेच्या हातात पडली. अकेसा तिचं नाव. वय अठ्ठावन्न, शाळेत तीस वर्षं पोरांना पाढे घोकायला लावून निवृत्त झालेली, नवरा नाही, मूल नाही, घरी एक टीव्ही आणि दोन मांजरं. भाऊ उएसिली तिच्याहून बारा वर्षांनी लहान, धक्क्यावर माल उतरवायचा. भावाच्या घरची बैठक बहीण चालवणार नाही तर कोण? तिने पहिल्याच सोमवारी चष्मा लावून नियम मोठ्याने वाचले.

नियम पहिला, सगळ्यांनी गोल बसावं, कोणी वर नाही, कोणी खाली नाही. तो गोल असा झाला. भिंतीला टेकून, घरातल्या सगळ्यात चांगल्या चटईवर अकेसा. तिच्यासमोर पोरं. दाराशी, स्वयंपाकाच्या बाजूला, लोसे. आणि उएसिली बाहेर ओसरीवर, कारण मोठी बहीण खोलीत बसलेली असताना भाऊ तिथे पाय पसरून बसत नाही, थट्टा करत नाही, शक्यतो तोंडही उघडत नाही. असला गोल कुठल्या भूमितीत बसत नाही, आणि पाढे शिकवलेल्या बाईला ते दिसत नव्हतं असंही नाही.

नियम दुसरा, एक वस्तू ठरवावी आणि ती ज्याच्या हातात असेल त्यानेच बोलावं. अकेसाने आपला विणलेला पंखा ठरवला. लिफुकावर संध्याकाळी उकडतं. अकेसा जाड होती. पंखा तिच्या हातातून नऊ महिने सुटला नाही.

नियम चौथा, प्रत्येकाने घरच्यांबद्दल एक चांगली गोष्ट सांगावी.

"कोनी," अकेसा आठ वर्षांच्या परिषदेला म्हणायची, "तुझ्या वडिलांना विचार, या आठवड्यात त्यांना काय चांगलं वाटलं."

उएसिली खिडकीच्या पलीकडे हातभर अंतरावर बसलेला असायचा. त्याला सगळं ऐकू जायचं. तरी कोनी उठायची, दारातून बाहेर जायची, निरोप सांगायची.

"सांग, सगळं चांगलं आहे," तो म्हणायचा. हेही आत सगळ्यांना ऐकू यायचं.

कोनी आत यायची. "बाबा म्हणतात, आईने जेवायला केलेलं लू एकदम झकास झालं होतं. आणि म्हणतात, कोनी फार गुणी आहे, तिला नवीन चपला घेणार."

बाहेरून खोकल्याचा आवाज यायचा. खोटं बोलायला त्याची हरकत नव्हती, चपलांना होती.

असं चालू होतं. लोसे गप्प बसायची. विणकामाच्या शेडमध्ये तिला कोणी गप्प पाहिलेलं नव्हतं. तिथे पंधरा बाया केवड्याच्या पानांच्या पट्ट्या ओढत बसायच्या आणि लोसेच्या तोंडापुढे पाद्रीबाबासुद्धा रस्ता बदलायचे. पण सोमवारी संध्याकाळी ती भावजय व्हायची, आणि भावजयीचं तोंड हे खाऊ घालायला बोलावण्यापुरतं असतं.

मग तो सोमवार आला. अकेसाने घसा साफ केला.

"पोटातल्या पोरीचं नाव मी ठरवलंय. या घरात बैठक सुरू होऊन नऊ महिने झाले. देवाची योजना बघा, तिलाही नऊ महिनेच लागणार. तिचं नाव फाकाताहा."

फाकाताहा म्हणजे बैठक.

सोळा वर्षांची अफा फिस्कन हसली. "आत्या, शाळेत बाई हजेरी घेतील. बैठक? नाही आली बाई, आज बैठक रद्द."

"वादळाने गप्प बसावं," अकेसा म्हणाली.

लोसेने हात पुढे केला. "वन्सं, पंखा जरा द्याल?"

"उकडतंय का? दार उघड की."

"बोलायचंय."

अकेसाने पंखा दिला नाही. "बोल ना. तुला कोणी बांधून ठेवलंय?"

"आईचं नाव ठेवलं असतं तर... लुसेआने."

"लोसे, मेलेल्या माणसाचं नाव जड असतं. पोर वाढत नाही त्याखाली. आणि हे माझ्या भावाचं घर आहे. तुझ्या आईचं नाव तुझ्या भावाच्या घरात ठेव, तिथे तुझा हात कोण धरतंय?" एवढं बोलून तिने पुस्तिकेचं पान उलटलं. "नियम सातवा. सगळ्यांनी मिळून हसावं. चला, अफाला आत्ताच काहीतरी सुचलं होतं, परत सांग."

कोणी हसलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी लोसेने नवऱ्याला पाण्याच्या टाकीशी गाठलं.

"तू बोल तिच्याशी."

"बहिणीशी? नावावरून?" उएसिलीने तोंडावर पाणी मारलं. "त्यापेक्षा मला शार्कच्या तोंडात हात घालायला सांग."

"शार्क परवडला. तो दर सोमवारी घरी येत नाही."

"लोसे, तिला नाही म्हणता येत नाही गं. माझी जीभच उलटत नाही."

"मग ती जीभ आहे कशाला? जेवायला?"

तो गरीब चेहरा करून धक्क्यावर निघून गेला. आणि लोसे त्याच संध्याकाळी भावाकडे गेली.

आता हे सांगायलाच हवं. लोसेचा भाऊ केपू दोन गल्ल्या सोडून राहायचा, आणि त्याच्या घरची बैठक मंगळवारी असायची, आणि ती चालवायची लोसे. पुस्तिका तीच, नियम तेच. भिंतीला टेकून, चांगल्या चटईवर लोसे. बाहेर पायरीवर केपू. दाराशी केपूची बायको आनासिनी, हातात चहाची किटली. पंखा लोसेच्या हातात. तिचा चार वर्षांचा भाचा मांडीवर चढून केक खात होता. त्याचं नाव पालाइसी, म्हणजे बक्षीस, कारण तो जन्मला तेव्हा लोसेच्या विणकाम मंडळाला कृषी प्रदर्शनात पहिलं बक्षीस मिळालं होतं. नाव अर्थातच आत्याने ठेवलं होतं.

"काही माणसांना," लोसे त्या दिवशी आनासिनीला म्हणाली, "दुसऱ्या बाईच्या जिवाचं काही वाटतच नाही. बाळंतपण कोणाचं आणि मिरवतंय कोण! तूच सांग."

आनासिनीने तिच्या कपात चहा ओतला. "हो ना, वन्सं," ती म्हणाली.

लोसेला तिचा हा स्वभाव फार आवडायचा. कधी उलट बोलत नाही.

तिथेच, केक खाताना, तिला ती युक्ती सुचली. नणंदेच्या वर कोणीच नसतं असं थोडंच आहे? नणंदेलाही आत्या असते. आणि अकेसाची आत्या अजून जिवंत होती.

फिफिता आत्या फोआला राहायची. फोआ म्हणजे शेजारचं बेट, मधे समुद्रातून बांधलेला रस्ता आहे. वय चौऱ्याऐंशी, दात तीन, आवाज बोटीच्या भोंग्यासारखा. अकेसा आणि उएसिलीच्या बापाची मोठी बहीण. तिच्यासमोर अकेसा म्हणजे शाळकरी पोर. शुक्रवारी लोसे केपूच्या गाडीत बसून, एक नवी चटई आणि लूचं भांडं घेऊन निघाली. अळूच्या पानांत नारळाचं दूध आणि डब्यातलं मटण घालून केलेलं लू. पोटातली पोर रस्ताभर लाथा मारत होती. लोसेला वाटलं, ती खूश आहे. कदाचित ती थांबवत असेल.

म्हातारीने दारातून चटई पाहिली. "कोण मेलं?"

"कोणी नाही, आत्या."

"मग मयताला न्यायची एवढी चांगली चटई कशाला फुकट घालवतेस?"

"आत्या, सोमवारी आमच्याकडे घरच्यांची बैठक असते. तुमच्याशिवाय ती शोभत नाही. तुमचा मान मोठा, आणि तो तिथे दुसरंच कोणी घेतंय."

"कोण?"

"मी कशाला नाव घेऊ?"

"अकेसा," म्हातारी म्हणाली. तिने लूच्या भांड्यावरचं झाकण उचलून वास घेतला. "बैठकीत खायला काय असतं?"

"तुम्ही आलात तर डुक्कर."

"येते."

सोमवारी केपूच्या गाडीतून फिफिता आत्या उतरली. अकेसा आपल्या जागी बसून चष्मा पुसत होती. दारात आत्या दिसताच ती अशी उठली की मांडीखाली ठिणगी पडावी. चांगली चटई रिकामी झाली, म्हातारी तिच्यावर बसली, आणि अकेसा सरकत सरकत खाली आली. पोरांच्या पुढून, पोरांच्या मागून, थेट दाराशी. लोसेच्या शेजारी. लोसेने बूड जरा सरकवून तिला जागा करून दिली. सतरा वर्षांत तिला इतकं बरं वाटलं नव्हतं.

"हे काय?" म्हातारीने पंखा उचलला.

"तो ज्याच्या हातात असेल तो बोलतो, आत्याआजी," कोनी म्हणाली.

"मी पंख्याशिवायही बोलते." तिने तो खाली ठेवून डुकराच्या भाजलेल्या कातडीचा तुकडा तोंडात टाकला, तीन दातांनी. "कालासिनी, पाणी दे."

पोरं एकमेकांकडे बघू लागली.

"कालासिनी कोण?" उआफूने विचारलं.

"ही काय, बसली आहे दाराशी. तुमची आत्या."

कालासिनी म्हणजे रॉकेल.

अफाने गुडघ्यावरचा कपडाच तोंडात कोंबला. उआफू जमिनीवर आडवा झाला. अकेसा मानेपासून कानांपर्यंत लालबुंद झाली.

"शाळेत दाखल करताना वडिलांनी बदललं ते," ती खाली बघत म्हणाली. "अकेसा लिहिलं."

"मला न विचारता," म्हातारी म्हणाली. "नाव मी ठेवलं होतं. तीन आठवडे बेटावर दिवा नव्हता, बोट आली नव्हती. तू जन्मलीस आणि बोट आली, रॉकेलची पिंपं घेऊन. घरोघर उजेड झाला. काय वाईट होतं त्यात?"

"पोरं मला विचारायची, वात कुठे ठेवलीस." अकेसाचा आवाज नेहमीचा नव्हता. "सहा वर्षांची होईपर्यंत विचारायची."

"मग सांगायचं होतं कुठे ठेवलीस ते," म्हातारी म्हणाली आणि कातडीचा दुसरा तुकडा घेतला. "बरं. या हिच्या पोटातलीचं काय ठरलं?"

लोसे सरसावली. यासाठीच डुक्कर कापलं होतं. "आत्या, माझ्या आईचं नाव. लुसेआने."

"फाकाताहा," अकेसा पुटपुटली, पण त्यात दम नव्हता.

म्हातारीने बोटं चाटली, दोघींकडे पाहिलं. "दोन्ही नको. फिफिता ठेवा. मला मूल नाही, माझ्यामागे माझं नाव कोण चालवणार? ठरलं."

डुकराची चरबी परातीत गोठत होती. वरचा मान म्हणून लोसेनेच म्हातारीला आणली होती, वरच्या मानाला नाही म्हणायचं नसतं हे तिला पाळण्यात असल्यापासून माहीत होतं, आणि ते तिने नणंदेसाठी लावलेल्या सापळ्यात स्वतःचाच पाय घालून सिद्ध केलं होतं.

"बाबा म्हणतात..." कोनीने प्रयत्न केला.

"तुझा बाप काही म्हणाला नाही. मी बहिरी नाही."

दाराशी दोघी खांद्याला खांदा लावून बसल्या होत्या. अकेसा ओठ न हलवता बोलली. "हिला तू आणलंस?"

"हो."

"कुठलं डुक्कर कापलंस?"

"मोठं."

"मूर्ख." सतरा वर्षांत दोघींचं हे पहिलं सरळ बोलणं. थोड्या वेळाने अकेसाने विचारलं, "तुझी आई गेली तेव्हा बोट नव्हती ना?"

"चार दिवस."

"मी पाहिलं होतं तुला. पेटीवर बसली होतीस. दोनदा येऊन पाहून गेले."

लोसेने तिच्याकडे मान वळवली. "मग जवळ का नाही आलात?"

"येऊन काय बोलणार होते? मला ते येत नाही. पाढे येतात."

म्हातारी तिकडे उआफूला तिसरा तुकडा वाढायला सांगत होती. पंखा तिच्या गुडघ्याशी पडला होता. अकेसा गुडघ्यांवर सरकत पुढे गेली, पंखा उचलला, आणि शाळेत मागच्या बाकापर्यंत पोचायचा तो आवाज काढला.

"आत्या, तुझा हक्क माझ्या बापाच्या पोरांवर. तो तू वापरलास, मला रॉकेल केलंस, झालं. उएसिलीच्या पोरांचं नाव मी ठेवणार. आणि मी ठेवलंय. लुसेआने."

म्हातारीचा घास हातातच राहिला. "तू मला उलट बोलतेस? कालासिनी?"

"उलट नाही. मेलेल्या बाईचं नाव मी सगळ्यांसमोर घेतलं. आता ते परत घ्यायचं म्हणजे तिला दारातून माघारी पाठवायचं. एकदा बोटीने तिची लेक अडवली, आता तू तिला अडवणार असलीस तर सांग. मी पुसून टाकते."

फिफिता आत्या बराच वेळ चावत राहिली. चावण्यासारखं तोंडात काही नव्हतं. मेलेल्या माणसाशी कोण वाकडं घेणार, आणि तेही चौऱ्याऐंशीव्या वर्षी, लवकरच गाठ पडायची असताना?

"बरं," ती शेवटी गुरगुरली. "ही लुसेआने. पुढच्या पोरीचं फिफिता."

"पुढचं नाही, आत्या," लोसे म्हणाली.

"पुढचं मुळीच नाही!" खिडकीबाहेरून उएसिली ओरडला. "आता मी तिच्या जवळ जाणारसुद्धा नाही!"

आणि मग त्याला कळलं की आपण काय बोललो, आणि कोणासमोर. बहिणीच्या देखत. भाऊ बहिणीसमोर साबणाच्या जाहिरातीवरही बोलत नाही, आणि याने पलंगावरची गोष्ट भर बैठकीत, स्वतःच्या तोंडाने, नऊ महिन्यांत पहिल्यांदा बोलून दाखवली होती. बाहेर काहीतरी धडपडलं, पाण्याच्या टाकीवर आपटलं, आणि पावलं समुद्राच्या दिशेने पळत गेली. कोनी उठली, पण कुठला निरोप कुठे न्यायचा ते तिला सुचेना.

अकेसाने पंखा तोंडापुढे धरला होता. पंख्यामागे तिचे खांदे हलत होते. लोसेला आधी वाटलं रडते आहे. मग पंख्याच्या आडून असा आवाज फुटला की फिफिता आत्याही दचकली, आणि मग तीही तीन दात दाखवून हसायला लागली, आणि लोसे पोट दोन्ही हातांनी धरून हसता हसता म्हणाली, "पुरे, पुरे, नाहीतर आत्ताच होईल!"

सातवा नियम पहिल्यांदा पाळला गेला तो असा.

म्हातारीला गाडीत बसवून दिल्यावर अकेसा घरी गेली नाही. ती मागे स्वयंपाकाच्या खोलीत आली. ती तिथे कधी आलेली नव्हती. परात कुठे ठेवतात हेही तिला माहीत नव्हतं. लोसे चरबी खरडत होती.

"वन्सं, तुम्ही कशाला..."

"गप्प बस. मी नाव दिलं, पण ते फुकट नाही."

लोसेचा हात थांबला. "काय हवंय?"

"उद्या मंगळवार. तू केपूकडे जाशील." अकेसाने फडकं उचललं आणि चुकीच्या बाजूने पुसायला लागली. "ते पोर, बक्षीस. त्याच्या आईला काय नाव ठेवायचं होतं, विचारलंस कधी?"

"ती काही बोलली नाही."

"तूही सतरा वर्षं काही बोलली नव्हतीस."

लोसे फणकारून काहीतरी म्हणणार होती. विणकामाच्या शेडमध्ये असती तर म्हणाली असती. पण उत्तर शोधताना तिला आनासिनीचा चेहरा आठवला, किटली धरलेला, "हो ना, वन्सं" म्हणणारा, आणि तो चेहरा तिला फार ओळखीचा वाटला. रोज केस विंचरताना दिसतो तसा.

मंगळवारी ती गेली. चटई अंथरलेली होती, केक होता, केपू पायरीवर होता. लोसे टेकली, पुस्तिका उघडली नाही, आणि पंखा आनासिनीच्या पुढ्यात ठेवला.

"पालाइसी झाला तेव्हा तुला काय नाव ठेवायचं होतं गं?"

आनासिनीने पंख्याकडे असं पाहिलं जसं तो चावेल. "आता कशाला, वन्सं? त्याला तेच आवडतं. दुसऱ्या नावाने हाक मारली तर ओ देत नाही."

"तरी सांग."

"कितिओने." ती हळू बोलली. "माझे वडील. पाठीवर घेऊन मला शाळेत सोडायचे, पाय भाजू नयेत म्हणून."

"मला सांगायचं होतंस."

"तुम्ही विचारायचं होतं." हे तिच्या तोंडून निसटलं आणि ती गोरीमोरी झाली. लोसेच्या जिभेच्या टोकाशी जे काही आलं होतं ते तिने केकबरोबर गिळलं.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "आणखी काही असलं तर तेही बोल."

"खरंच विचारताय?"

"खरंच."

आनासिनीने किटली खाली ठेवली. पंखा हातात घेतला. मग तिने सुरुवात केली ती लग्नातल्या चटईपासून, जी लोसेने हसत हसत उचलून नेली होती आणि जी आनासिनीच्या आजीने दोन वर्षं विणली होती. तिथून ती ईस्टरला लोसेने नेलेल्या डुकराच्या डोक्यावर आली, तिथून पाहुण्यांसमोर तिच्या रताळ्यांना हसण्यावर, तिथून आजारपणात उसन्या नेलेल्या पातेल्यावर. ती आवाज चढवत नव्हती. सगळं दिवस-वारासकट सांगत होती. सूर्य झाडांमागे गेला. पालाइसी झोपला. लोसेची पाठ मोडून आली होती, पोटात पोर उलटीपालटी होत होती, आणि दोनदा तिचं तोंड आपसूक उघडलं, पण पंखा तिच्याकडे नव्हता.

शेवटी आनासिनी थांबली. लोसेने उठायला भिंतीचा आधार घेतला.

"झालं?"

"नाही, वन्सं," आनासिनी म्हणाली. "हे उआफूच्या बारशापर्यंतचं झालं."

लोसेने केपूला हाक मारून आणखी एक उशी मागवली, पाय लांब केले, आणि म्हणाली, "बोल."